अनर्थज्ञ पाठकासाठी एक टिपण

दादरहून निघालेली लोकल माटुंगा रोड सोडते, तेव्हा डब्यात उद्घोषणा होते : पुढील स्थानक माहीम. माझ्याकडे शिकण्यासाठी येणारी एक अंध विद्यार्थिनी त्या आवाजाच्या भरवशावर उतरते. स्थानकांची यादी ठरलेली, क्रम ठरलेला. तेथे संदेहाला जागा नसते. फोनवर ती जो दुसरा आवाज ऐकते, त्याची गोष्ट निराळी आहे. तो समोर येईल ती मराठी संहिता वाचतो, आणि जेथे लिपी मौन पाळते तेथे अंदाज करतो.

गेल्या वर्षी अशाच एका वाचन-साधनाविषयी माहितीचे टिपण लिहिण्याचे काम मजकडे आले. या टिपणाचा वाचक माणूस नव्हता. कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे एजंट आता आपल्या वतीने निरनिराळी साधने स्वतःच चालवतात, त्यांनी ते वाचावयाचे होते : साधन केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, त्यास काय पुरवावे. २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलसारख्या व्यवस्थेत साधनाचे असे वर्णन साध्या भाषेत दिलेले असते आणि त्यावरून एजंट आपला निर्णय घेतो. साहित्याच्या अध्यापकाला हे काम किरकोळ वाटावे. मलाही तसेच वाटले होते.

संहितेतील रिक्त जागा वाचक भरतो, हे व्होल्फगांग इझरचे प्रतिपादन मी वर्षानुवर्षे शिकवीत आले आहे. या नव्या वाचकासाठी लिहिताना प्रथमच जाणवले, की देवनागरीतच अशा जागा किती आहेत. ‘जरा’ म्हणजे थोडे असेल तर ज दंततालव्य, वार्धक्य असेल तर तालव्य. ‘चार’ ही संख्या असेल तर च तालव्य. गुरांना चारण्याची आज्ञा असेल तर दंततालव्य. ‘१८५७’ हे वर्ष असेल तर अठराशे सत्तावन्न, रक्कम असेल तर एक हजार आठशे सत्तावन्न. अक्षरे तीच, निर्णय अर्थाचा.

टिपणाचा पहिला खर्डा तयार झाला त्याच सुमारास माझी विद्यार्थिनी एक जुनी कादंबरी ऐकत होती. तिने मला विचारले, “मॅडम, या बाईंची घरं तरी किती? सारख्या घरांत जातात, घरांत बसतात.” मी पुस्तक उघडले. ‘घरांत’ असेच छापलेले होते. न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना फाटा देणारे लेखननियम शासनमान्य झाले १९६२ मध्ये. त्यापूर्वीच्या छपाईत एका घरातही ‘घरांत’च जात. डोळस वाचकाला जुने वळण दिसते आणि तो मनातल्या मनात दुरुस्ती करतो. तिला ते वळण दिसण्याचा मार्गच नव्हता. यंत्राने अंदाज केला होता. परंतु अंदाज केल्याचे सांगितले नव्हते.

‘पाणिनीय शिक्षे’त सहा अधम पाठक सांगितले आहेत. लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि घाईने वाचणारा हे त्यांतील तीन. आपले यंत्र एकाच वेळी तिन्ही होऊ शकते. तथापि त्याचा खरा दोष मला याहून वेगळा वाटतो : ते अडखळत नाही. मोठ्याने वाचणारा माणूस शंका आली की थबकतो, मागे जातो. ते थबकणे हीदेखील ऐकणाऱ्याला मिळालेली माहितीच असते.

म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मी नियमांची यादी आखडती घेतली आणि थबकण्याविषयी लिहिले. संहिता कोणत्या वर्षी छापली, हे साधनास आधी पुरवावे. उच्चाराने अर्थ बदलत नसेल तर पुढे जावे; बदलत असेल आणि संदर्भाने निर्णय होत नसेल तर विचारावे. संहितेत ‘पानी’ असेल तर ‘पाणी’ वाचू नये. माहीमच्या कोळीवाड्यातले पात्र आपल्या बोलीत बोलत असते, त्याचे शुद्धलेखन करण्याचा अधिकार साधनाला नाही. अर्थात, कवितेत नादच अर्थ असतो, तेथे ही विभागणी कोलमडते, हे मला ठाऊक आहे. शिवाय प्रत्येक ओळीला विचारणारा पाठक असह्य होईल. कोठे थांबावे हा अखेर समीक्षेचाच प्रश्न आहे, आणि तो टिपणाने सुटत नाही.

खर्डा तिला वाचून दाखविला. ‘संदेह असल्यास वापरकर्त्यास विचारावे’ या वाक्यापाशी तिने मला थांबविले. “वापरकर्ता कोण? हे साधन तर एजंट वापरणार. मी कुठे आहे यात?”

माझ्या टिपणात साधन होते, ते चालविणारा एजंट होता, संहिता होती. ज्याच्यासाठी हे सारे चालले होते त्याला त्यात नावच नव्हते. मी तो शब्द खोडला आणि ‘ऐकणाऱ्यास’ असे लिहिले.