फेकावा कीं राखावा ?

डोक्यावरचे केस जाऊं लागले म्हणजे माणसापुढें तीन मार्ग उरतात. राहिलेले केस लांब वाढवून ते गेलेल्यांच्या जागेवर आडवे पसरावे, हा पहिला. टोपी घालावी, हा दुसरा. आणि जे गेले त्यांच्या मागोमाग राहिलेल्यांनाहि स्वहस्तें निरोप द्यावा, हा तिसरा. पहिल्या मार्गानें जाणाऱ्याचा वाऱ्याशीं कायमचा तंटा असतो आणि दुसऱ्यानें जाणाऱ्याचा उन्हाळ्याशीं. आम्हीं तिसरा पत्करला, त्याला आतां सात वर्षें होत आलीं.

आपल्या समाजांत मुंडन केलेलें मस्तक हें नुसतें मस्तक कधींच नसतें. जावळ, मुंज, तीर्थयात्रा आणि आप्ताचा मृत्यु अशा ठराविक प्रसंगींच तें दिसावयाचें, असा संकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यामुळें पहिले कांहीं महिने रस्त्यांत भेटणारे स्नेही आमच्याकडे पाहून एकदम आवाज उतरवीत आणि "कोण ?" एवढेंच विचारीत; वाक्यांतलें क्रियापद त्यांना उच्चारवत नसे. कोणी गेलेलें नाहीं, फक्त केस गेले आहेत, हें सांगतांना आमचीच पंचाईत होई. आमच्या घराण्यांतल्या जुन्या फोटोंत लाल आलवण नेसलेल्या, पदर कपाळापर्यंत ओढलेल्या ज्या स्त्रिया दिसतात, त्यांना मात्र हा प्रश्न कोणी विचारला नसेल. त्यांच्या मस्तकावरून फिरलेला वस्तरा त्यांनीं निवडलेला नव्हता. साधन निवडण्याची चैन आपल्याला मिळालेली आहे हें ध्यानांत घेऊनच पुढील विचार आम्ही करीत आहों.

पूर्वीं डोई करणें हें काम कोणी स्वतः करीत नसे. बारा बलुतेदारांपैकीं न्हावी धोकटी घेऊन घरीं यावयाचा, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा लावावयाचा आणि घेरा राखून बाकीचें डोकें चकोट करावयाचा. त्याच्या बोटांना गिऱ्हाइकाच्या डोक्याचा भूगोल पाठ असे. आतांचे कारागीर वस्तऱ्याच्या खोबणींत ब्लेडचा अर्धा तुकडा अडकवतात आणि माणूस बदलला कीं तुकडाहि बदलतात, ही सुधारणा उत्तमच म्हणावी लागेल. परंतु ज्याला एक दिवसाआड डोकें साफ करावयाचें आहे त्यानें दर खेपेला खुर्चीवर आपली पाळी येईपर्यंत वर्तमानपत्र वाचीत बसणें परवडणारें नाहीं. तेव्हां काम आपल्याच हातानें करणें आलें, आणि तेथेंच प्रश्न उपस्थित होतो कीं, हातांत घ्यावयाचा रेझर कोणता ? सबंधच्या सबंध वापरून फेकण्याचा, ज्याला दुकानदार 'यूज अँड थ्रो' म्हणतात तो. कीं ज्याची मूठ ठेवावयाची आणि पुढचें कार्ट्रिज तेवढें बदलावयाचें तो?

दाढीच्या बाबतींत हा प्रश्न गौण आहे. हनुवटी समोर आरशांत दिसते आणि तिच्याशीं हाताचा लहानपणापासूनचा परिचय असतो. डोक्याचें तसें नाहीं. त्याचा निम्मा भाग आपण जन्मांत पाहिलेला नसतो. दोन आरसे समोरासमोर धरून तो पाहण्याचा प्रयत्न करावा तों उजवें कोणतें आणि डावें कोणतें याचा असा गोंधळ उडतो कीं आरसे ठेवून देणेंच श्रेयस्कर. मग डाव्या हाताचीं बोटें हेच डोळे करावयाचे: बोटें पुढें जाऊन खरखरीत जागा शोधतात आणि मागून रेझर येतो. शिवाय डोकें गोल असतें ही केवळ बोलण्याची पद्धत होय. कपाळाच्या वर उतार, टाळूवर जवळजवळ सपाटी, मागें एक हाडाचा उंचवटा, त्याच्याखालीं एकदम मानेची खळगी, आणि कानांमागें तर कातड्याच्या घड्या. केसहि एका दिशेनें वाढत नाहींत. भोंवऱ्यापाशीं ते चहूंकडे फिरलेले असतात. अशा मुलखांतून न पाहतां न्यावयाच्या पात्यानें कातड्याशीं आपला कोन स्वतः राखला पाहिजे. ज्या रेझराचें डोकें मुठीशीं पक्कें जखडलेलें आहे त्यांत हा कोन मनगटानें सांभाळावा लागतो, आणि मानेमागें हात नेला म्हणजे मनगट जेवढें वळावयाचें तेवढें आधींच वळलेलें असतें.

म्हणून आमच्या मतें पहिली कसोटी ही : रेझराचें डोकें वळतें कीं नाहीं ? ही सोय कार्ट्रिजांत प्रथम आली. दोन पात्यांचें 'ट्रॅक टू' हें कार्ट्रिज जिलेट कंपनीनें १९७१ सालीं बाजारांत आणलें आणि वळत्या डोक्याचा 'ॲट्रा' १९७७ सालीं. हल्लीं वापरून फेकण्याच्या कांहीं रेझरांनाहि वळतें डोकें असतें, परंतु गल्लींतल्या दुकानांत माळेनें टांगलेले स्वस्त रेझर बहुधा ताठ मानेचेच. दुसरी गोष्ट वजनाची. वापरून फेकण्याच्या रेझराची मूठ पोकळ प्लास्टिकची. हातांत कांहीं धरलें आहे असें वाटतच नाहीं, आणि जें जाणवत नाहीं तें मनुष्य नकळत दाबून धरतो. डोक्याच्या कातड्याखालीं गालासारखा मांसाचा गुबगुबीतपणा नाहीं. लगेच हाड आहे. तेथें दाब दिला कीं रक्त आलेंच. जड मूठ स्वतःच्या भारानें चालते, तिला नुसती वाट दाखवावी लागते.

पात्यांची संख्या हा मात्र आमच्या दृष्टीनें बराचसा बाजारी प्रकार आहे. १९९८ सालीं तीन पात्यांचा 'मॅक थ्री' आला, २००६ सालीं पांच पात्यांचा 'फ्यूजन'. दोन पात्यांमागील युक्ति खरी आहे : पहिलें पातें केस कापतां कापतां किंचित् वर ओढतें आणि तो परत आंत जाण्यापूर्वीं दुसरें त्याला पुन्हा कापतें. त्यामुळें हात फिरवल्यावर डोकें तुळतुळीत लागतें. परंतु केस कातड्याच्या पातळीखालीं कापला गेला कीं तो वाढतांना कधीं कधीं आंतल्या आंतच वळतो आणि मानेवर पुळ्या उठतात. कुरळ्या केसांच्या लोकांना हा त्रास अधिक. शिवाय पातीं जितकीं जवळ जवळ तितकी त्यांच्या फटींत केस आणि फेंस यांची गच्ची लवकर बसते. ज्याचें डोकें आठवडाभर वाढलेलें आहे त्यानें पांच पात्यांच्या वाटेला न जातां आधीं केस कापण्याचें यंत्र फिरवावें. एक दिवसाआडच्या डोक्याला दोन पातीं पुरेत, तिसरें असल्यास तक्रार नाहीं.

आतां पैशांची गोष्ट. या धंद्याचा मूळपुरुष किंग कँप जिलेट हा बाटल्यांचीं बुचें विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. गिऱ्हाइकानें वापरून टाकावी आणि पुन्हा घ्यावी अशी एखादी वस्तु काढ, असा सल्ला त्याला त्या बुचांचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरनें दिला, असें सांगतात. १९०३ सालीं त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पातीं खपलीं. पुढल्याच वर्षीं रेझरांचा आंकडा ९० हजारांवर गेला. मूठ जवळजवळ फुकट द्यावी आणि पात्यांवर नफा काढावा, ही युक्ति त्याच्या नांवावर सर्रास सांगितली जाते. पण पेटंट चालू असेपर्यंत त्याचा रेझर ५ डॉलरांना, म्हणजे त्या काळच्या मानानें चांगल्याच महाग किमतीला विकला जाई. स्वस्ताई आली ती १९२१ सालीं पेटंटाची मुदत संपून प्रतिस्पर्धी उभे राहिल्यावर. गमतीची गोष्ट अशी कीं, याच गृहस्थानें १८९४ सालीं एक पुस्तक लिहून व्यापारांतली सगळी स्पर्धा नाहींशी करावी आणि नायगारा धबधब्याजवळ एकच अवाढव्य नगर वसवावें, असें प्रतिपादन केलें होतें ! पातें फेकण्यावरून सबंध रेझरच फेकण्यापर्यंत जग आलें तें १९७५ सालीं, आणि तें काम केलें बिक या फ्रेंच कंपनीनें, जिनें त्याआधीं लेखणी फेकावयाला शिकवलें होतें. हिंदुस्थानच्या खिशाचा विचार करून २०१० सालीं येथें 'जिलेट गार्ड' नांवाचा एकाच पात्याचा रेझर निघाला, तेव्हां मूठ १५ रुपयांना आणि कार्ट्रिज ५ रुपयांना होतें. तो बनविणाऱ्यांनीं वाहतें पाणी नसलेल्या घरांत पुरुष पेल्याभर पाण्यांत दाढी कशी करतात तें पाहून, सहज धुतलें जाईल असें पातें योजलें होतें.

आम्हीं वर्षभर हिशेब ठेवून पाहिला. एक दिवसाआड म्हणजे वर्षाकाठीं सुमारें १८० वेळां डोकें करणें आलें. आमच्या दुकानदाराचा वापरून फेकण्याचा रेझर २० रुपयांना. तो आमच्या डोक्यावर चार वेळां नीट चालतो. म्हणजे वर्षाला ४५ रेझर आणि ९०० रुपये. दोन पात्यांचें कार्ट्रिज ५० रुपयांना. तें दहा वेळां चालतें. म्हणजे १८ कार्ट्रिजें आणि पुन्हा ९०० रुपयेच. तीन पात्यांचें घेतलें तर खर्च तिपटीवर जातो. तेव्हां दोन पात्यांपुरतें पाहिल्यास खिसा तटस्थ राहतो आणि निकाल दुसरीकडे लागतो.

परंतु कागदावरील हिशेब आणि मध्यमवर्गीय घराची मोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापरून फेकण्याची वस्तु आपल्या घरांत फेकली जाते असें ज्याला वाटतें त्यानें आपली मोरीवरची फळी एकदां पाहावी. चार वेळां वापरलेला रेझर 'अजून एकदां चालेल' म्हणून पांचव्या वेळीं राहतो, मग 'पाहुण्यांना लागेल' म्हणून, मग स्वेटरवरचे गोळे काढण्यासाठीं. काटकसर हा गुण खरा. पण बोथट पात्यापुढें तो कातड्यावर उलटतो. धारदार पातें केस कापतें. बोथट पातें तो उपटतें, आणि उपटतां आला नाहीं म्हणजे कातडें कापतें. आणि पातें बोथट होतें तें केवळ गंजून नव्हे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींतील संशोधकांनीं २०२० सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत दाखवून दिलें कीं, केस पोलादाहून सुमारें ५० पट मऊ असूनहि तो तिरपा वांकून धारेच्या कच्च्या जागीं भिडला म्हणजे तेथला कपचा उडतो. अर्थात् पातें पुसून, वाळवून, तेल लावून कितीहि जपलें तरी त्याचे दिवस भरतातच. म्हणून जें टाकतांना हात कचरणार नाहीं तेंच पातें डोक्याला चांगलें. महागडें कार्ट्रिज येथेंच अपात्र ठरतें : त्याची किंमत आठवून मनुष्य तें महिना दीड महिना ओढतो. साधें दोन पात्यांचें, वळत्या डोक्याचें कार्ट्रिज आणि त्याला जड धातूची मूठ, हा आमचा कौल. प्रवासांत, दवाखान्यांत किंवा घरीं कोणी आजारी असल्यास नवा कोरा, एकदांच वापरून टाकावयाचा रेझर घ्यावा. तेथें मात्र 'एकदां' या शब्दाचा अर्थ 'एकदां' असाच करावा.

या कौलाला आणखी एक कारण आहे, आणि तें आमच्या डोक्यावर नसून दुसऱ्याच्या हातांत आहे. आमच्या पुण्यांत घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका करीत आल्या आहेत. २००८ च्या सुमारास ती उभी राहिली, आणि तिच्यामागें १९९३ सालीं स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचें बळ होतें. ही मंडळी कचरा नुसता उचलीत नाहींत. बसून हातानें निवडतात. ओल्या भाजीच्या देंठांत लपलेलें पातें कोणाच्या बोटाला लागतें, हें निराळें सांगावयास नको. ज्या बाई आमच्या दाराशीं येतात त्यांच्या अंगठ्यावर अशा जखमेचा पांढरा वण आहे. तो दाखवून त्या एवढेंच म्हणाल्या, "साहेब, कागदांत गुंडाळून वेगळं देत जा." वर्षाला ४५ सबंध रेझर, प्रत्येकाची टोपी कोठें तरी हरवलेली, आणि १८ आंगठ्याएवढीं कार्ट्रिजें, यांत काय फरक आहे तो त्यांच्या दृष्टीनें पाहिला म्हणजे दुकानदाराचा हिशेब फार लहान वाटूं लागतो. शिवाय पोलाद आणि प्लास्टिक एकमेकांत असे रुतवलेले असतात कीं, ते वेगळे करून भंगारांत विकावे म्हटलें तरी श्रमाच्या मानानें हातीं कांहीं लागत नाहीं.

आतां आमच्या मोरीच्या फळीवर कोकोच्या पुडीचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. झांकणाला न्हाव्याच्या वस्तऱ्याच्या खोबणीएवढी चीर पाडली आहे. तींतून कार्ट्रिज आंत जातें, बाहेर येत नाहीं. डब्यावर तांबड्या रंगाचा ठिपका काढला आहे, कारण सॅनिटरी पॅडच्या पुडक्यांवर असा ठिपका काढावा असें त्या बायकांनींच शहराला शिकवलें, आणि ती खूण त्या लांबून ओळखतात. दोन वर्षें झालीं. डबा अजून निम्माच भरला आहे.