कर्तव्याची किंमत कोणी मोजली?

कच-देवयानीची कथा आपण कर्तव्यनिष्ठेची म्हणून वाचतो. खाडिलकरांनी 1913 मध्ये ‘विद्याहरण’ नाटकातून ती रंगभूमीवर आणली. पण महाभारतातला कच संजीवनी विद्या मिळवायलाच आला होता आणि देवयानीच्या हट्टामुळेच तो पुन्हा पुन्हा जिवंत झाला. काम फत्ते झाल्यावर ती लग्नाचं विचारते, तेव्हा त्याला ती गुरुभगिनी असल्याचं आठवतं. इंग्रज नाटककार मार्लोच्या ‘डायडो’ नाटकाचं (छापील प्रत 1594) दुखणं हेच आहे. कार्थेजची राणी डायडो वादळात सापडलेल्या ट्रोजन वीर ईनियसला आसरा देते, त्याने जाऊ नये म्हणून जहाजांची वल्ही आणि शिडं काढून घेते. तो मात्र देवाज्ञा सांगून निघतो. ती चितेत उडी घेते.

कोणी म्हणेल, देवांच्या आज्ञेपुढे ईनियसने करायचं तरी काय? पण आज्ञा देणारा देवराज जुपिटर मार्लोने पहिल्याच प्रवेशात गॅनिमीड या पोराला मांडीवर घेऊन लाडावताना दाखवलाय. अशा देवाच्या शब्दाला कर्तव्य म्हणायचं, तर आधी तो शब्द तपासायला हवा! कचाचा गुरुभगिनीचा मुद्दा शास्त्राला धरून आहे, हे मान्य. मग तो आधीच का सांगितला नाही? नकार मिळाल्यावर देवयानीने त्याला दिलेला शाप मला न्याय्य वाटतो.