किल्लीवाल्यापुढची कसोटी

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसपदाची वस्त्रे मी स्वीकारली, तेव्हा दप्तरासोबत माझ्या हवाली झालेल्या सरंजामात मुख्य दरवाजा उघडणाऱ्या निळ्या टॅगांची एक पिशवी होती. भाडेकरू गेला की टॅग परत घ्यावा, वहीत जमा दाखवावा आणि बंदोबस्ताविषयी निर्धास्त असावे, असा शिरस्ता होता. त्यास तडा गेला तो यंत्रातील एका नोंदीने: एक सभासद नागपुरास, टॅग त्यांच्याच जुडग्यात, आणि इकडे मध्यरात्री त्यांच्या क्रमांकाने दरवाजा उघडलेला.

रखवालदाराला याचे नवल वाटले नाही. "साहेब, चौकातला किल्लीवाला उभ्या उभ्या करून देतो की!" खातरजमेसाठी मी स्वतः गेलो. त्याने माझा टॅग हातातल्या यंत्रावर धरला, ते 'पीं' वाजले. मग कोरा टॅग धरून दुसरे बटण दाबले, आणि कानशीला हातही न लावता नक्कल माझ्या तळहातावर ठेवली. मी कोण, कोठला, ही विचारपूस त्याने केली नाही. पण ती आमच्या दरवाजाने तरी कधी केली होती? 125 किलोहर्ट्झवरच्या या टॅगात बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून शक्ती मिळताच तो आपला 40 बिटांचा क्रमांक, समोर कोण आहे याची पर्वा न करता, सांगून मोकळा होतो.

दरवाजाची यंत्रणा बदलायचे ठरले, तेव्हा कंत्राटदाराने 13.56 मेगाहर्ट्झच्या कार्डांचे दरपत्रक धाडले, त्यात 'संपूर्ण सुरक्षित' हे शब्द ठळक होते. परंतु याच वारंवारतेवरील, 1994 पासून जगभर पसरलेल्या मायफेअर क्लासिक कार्डाची गत मला ठाऊक होती. त्याची सारी भिस्त गणिती रीत गुप्त राहण्यावर, आणि किल्ली अवघी 48 बिटांची. डिसेंबर 2007 मध्ये बर्लिनच्या परिषदेत कार्स्टन नोल व हेन्रिक प्लोत्झ यांनी, चिप थराथराने घासून सूक्ष्मदर्शकाखाली ती रीत कशी उकलली, ते सांगितले. पुढील वर्षी नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातील संशोधकांचा या कार्डाविषयीचा निबंध रोखण्यासाठी त्याची चिप बनवणारी कंपनी न्यायालयात गेली, तेथे मनाईहुकूम नाकारला गेला. उलट एईएस ही कूटलेखनाची रीत कोणीही वाचावी अशी प्रसिद्ध आहे, आणि तरीही अभंग आहे.

म्हणून आम्ही 128 बिटांच्या एईएसचा आग्रह धरला. त्यात वाचकयंत्र दर खेपेस नवा आकडा पुढे करते, कार्ड आपल्या किल्लीने त्याचे उत्तर सिद्ध करते, आणि किल्ली स्वतः कार्डाबाहेर पडतच नाही. चोरून ऐकलेले उत्तर पुढच्या खेपेस निरुपयोगी ठरते. शिवाय प्रत्येक कार्डाची किल्ली निराळी, म्हणजे एक फुटले तरी बाकीची शाबूत. खजिनदारांना खर्च अवाच्या सवा वाटला, तो होताही. खरी मेख मात्र वेगळीच निघाली: कार्ड उंची घ्यायचे आणि वाचकयंत्राने त्याचा केवळ उघडा अनुक्रमांक तपासायचा, असा आमच्या कंत्राटदाराचा बेत होता, म्हणजे पैसे मोजूनही आम्ही होतो तेथेच.

तेव्हा करारनाम्यात दोन कलमे घातली: कारखान्याच्या किल्ल्या बदलून मूळ किल्ली संस्थेच्या ताब्यात द्यावी, आणि चौकातल्या त्याच किल्लीवाल्याने पंचांसमक्ष नक्कल करून पाहिल्याखेरीज अखेरचा हप्ता अदा होणार नाही. दुसऱ्या कलमावर कंत्राटदार पुष्कळ घुटमळला. कसोटीच्या दिवशी नकलेने दरवाजा उघडला नाही. किल्लीवाल्याने मजुरी मात्र रोख मागून घेतली.