मोबाईलची लाल पट्टी आणि गरिबाची फिर्याद

मोबाईल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला उद्याचे काम कुठे आहे ते मोबाईलवरच कळते. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज त्यावरून भरले जातात, बँकेचा संदेश त्यावर येतो, मुंबईला असलेल्या भावाची ख्यालीखुशालीही त्यावरच समजते. म्हणून कष्टकरी कुटुंब पोटाला चिमटा घेऊन, हप्त्याने का होईना, बरासा फोन घेते. दुकानदार सांगतो, "एक वर्षाची गॅरंटी आहे, बिनघोर राहा." आणि सहा-सात महिन्यांत फोन बंद पडला की सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात, "यात पाणी गेलंय. गॅरंटी लागू नाही."

आमच्या रत्नागिरीत पावसाळा सुरू झाला की अशी तक्रार घेऊन कोणी ना कोणी आमच्या दारात येतेच. आम्ही कचेरीत कारकुनी करणारी माणसे. अर्ज कसा लिहावा आणि पोच कशी घ्यावी एवढेच आम्हाला ठाऊक. परंतु या कामी तेवढ्यानेही पुष्कळ होते असा आमचा अनुभव आहे. तोच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ही पाणी गेल्याची भानगड काय आहे ते पाहू. बहुतेक फोनच्या आत, काहींत सिमकार्डाच्या खाचेत, एक बारीक पांढरी पट्टी चिकटवलेली असते. तिला पाणी लागले की रंग फुटतो आणि ती लाल किंवा गुलाबी होते. पुढे वाळली तरी पुन्हा पांढरी होत नाही. कारागीर ती पट्टी पाहतो, लाल दिसली की कागदावर 'लिक्विड डॅमेज' असे दोन शब्द लिहितो, आणि विषय संपवतो. पण ही पट्टी सांगते तरी काय? कधीतरी इथवर ओल पोचली, एवढेच. ती ओल कोठून आली, केव्हा आली, आणि फोन त्या ओलीने बिघडला की आतला एखादा भाग मुळातच सदोष होता, यांपैकी एकही गोष्ट पट्टी सांगत नाही.

कंपन्या म्हणतात, नुसत्या दमट हवेने पट्टी रंग बदलत नाही. असेल. पण रत्नागिरीची हवा ज्याने पाहिली आहे त्याच्या मनात शंका येणारच. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. आषाढात काडेपेटी सादळते, पेटीतल्या चपलांवर बुरशी येते, मिठाच्या बरणीला पाणी सुटते. म्हणून ते मीठ कोणी विहिरीत बुडवले होते असे आपण म्हणतो का? जो माल कोकणात विकायचा, तो कोकणची हवा सोसणारा हवा, अशी अपेक्षा गिऱ्हाइकाने केली तर त्यात गैर काहीच नाही.

एक उदाहरण सांगतो. आमच्या वस्तीतील एका रंगकाम करणाऱ्या बांधवाने मुलीला कॉलेजसाठी साडेचौदा हजारांचा फोन हप्त्याने घेऊन दिला. मुलीची आई मिरजोळ्याच्या एम.आय.डी.सी.त कोळंबी सोलायला जाते. पाच हप्ते फिटले आणि फोनचे चार्जिंग बंद झाले. सेंटरने अकरा दिवस फोन ठेवून घेतला आणि मग सांगितले, "पाणी गेलंय, बोर्ड बदलावा लागेल, सात हजार आठशे." काउंटरवरचा पोरगा एवढे बोलून थांबला नाही. तो मुलीच्या बापाला म्हणाला, "विचारा पोरीला, पाडला असेल कुठेतरी."

ही गोष्ट आम्हाला पैशांपेक्षा मोठी वाटते. काउंटरवरचा तो संशय त्या दिवशी बापाबरोबर घरी आला. बापाने मुलीला फैलावर घेतले. आई गप्प बसली. मुलगी आमच्याकडे आली ती रडतच. म्हणाली, "काका, मी खरंच नाय पाडला. बाबा आता माझ्याशी बोलत पण नायत." दोन शब्दांच्या शेऱ्याने एक सरळ पोर आपल्याच घरात खोटी ठरली. इकडे फोन बंद, पण हप्ता चालूच. हप्त्याला पावसाळ्याची सुट्टी नसते.

आम्ही मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन सेंटरवर गेलो. भांडलो नाही. तीनच प्रश्न विचारले. कोणता भाग पाण्याने खराब झाला? त्याचा फोटो कुठे आहे? आणि फोन जमा करून घेताना पट्टी पाहिली होती काय? जमा पावतीवर पट्टीचा उल्लेखच नव्हता. भर पावसाळ्यात अकरा दिवस फोन त्यांच्या ताब्यात होता, तेव्हा तो तिथेच भिजला नाही हे कशावरून? यावर उत्तर आले, "साहेब, आम्ही फक्त कंपनीला कळवतो." ठीक आहे, म्हटले, मग जे कळवले ते आम्हालाही लिहून द्या. बऱ्याच घासाघिशीनंतर कागद मिळाला. त्यात पट्टी लाल असल्याचे होते, पण बोर्ड गंजल्याचा किंवा त्यावर पाण्याचे डाग असल्याचा शब्द नव्हता. तो कागद जोडून आम्ही कंपनीला पत्र लिहिले आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी कंपनीचा निरोप आला की 'विशेष बाब म्हणून' चार्जिंगचा भाग फुकट बदलून देऊ. बोर्ड बदलावाच लागला नाही. आपले चुकले असे त्यांनी कोठेही लिहिले नाही. पण फोन आणायला त्या बापाने मुलीलाच पाठवले, यातच सगळे आले.

हा प्रश्न एकट्या रत्नागिरीचा आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत ॲपल कंपनीने अशाच पट्टीच्या रंगावरून अनेकांची दुरुस्ती नाकारली होती. गिऱ्हाइके एकत्र होऊन कोर्टात गेली. पट्टी दमटपणानेही गुलाबी पडू शकते हे म्हणणे तेथे पुढे आले आणि २०१३ मध्ये कंपनीने ५ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. एकेकटा गिऱ्हाईक काउंटरवरून परत फिरला असता, पण ते एकत्र आले म्हणून कंपनीला दखल घ्यावी लागली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटीवर खलाशी म्हणून जाणारा एक तरुण आमच्याकडे आला. त्याचा फोन खरोखरच समुद्राच्या पाण्यात पडला होता. तो म्हणाला, "घामाने भिजला असं लिहूया का?" आम्ही स्पष्ट नकार दिला. खोटा अर्ज एकदा उघडा पडला की पुढच्या दहा खऱ्या अर्जांवरचा विश्वास उडतो. पण त्या मुलाची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. त्याने फोन घेतला तोच जाहिरातीत पाण्यातला फोन पाहून. खोक्यावर 'आय.पी. ६८' असे छापलेले होते. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ८ असेल तर कंपनी सांगेल त्याप्रमाणे त्याहून खोल. पण ही परीक्षा होते प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, गोड्या पाण्यात आणि नव्या कोऱ्या फोनवर. समुद्राचे खारे पाणी, साबणाचे पाणी, पडून सैल झालेला फोन, यांना ती लागू नाही. जाहिरातीत पाणी ठळक दिसते आणि गॅरंटीच्या बारीक अक्षरांत तेच पाणी वगळलेले असते.

या दुटप्पीपणाला परदेशात चाप बसला आहे. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोचा दंड केला. एकीकडे फोन पाण्यात टिकतो अशी जाहिरात करायची आणि दुसरीकडे पाणी गेले म्हणून दुरुस्ती नाकारायची, याला त्यांनी आक्षेप घेतला. ऑस्ट्रेलियात जून २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात फोन वापरता येईल असे त्यांच्या जाहिराती दाखवीत, पण फोन ओला असताना चार्जिंग केले तर चार्जिंगची जागा गंजण्याची भीती होती. आमच्या खलाशी मित्राने खरे तेच लिहून जाहिरातीचा मुद्दा मांडला. त्याच्या पदरात काही पडले नाही. त्याने जुना फोन विकत घेतला आणि काम चालवले. प्रत्येक तक्रार यशस्वी होते असे आम्ही सांगणार नाही.

तरीही काही गोष्टी प्रत्येकाने कराव्यात. पक्के बिल घ्यावे आणि जपून ठेवावे. फोन दुरुस्तीला देताना काउंटरवरच पट्टी दाखवायला सांगावी, दुसऱ्या फोनवरून तिचा फोटो काढावा आणि ती पांढरी असल्यास जमा पावतीवर तसे लिहून घ्यावे. ही पाच मिनिटे पुढचे पाच महिने वाचवतात. गॅरंटी असताना फोन बाहेरच्या कारागिराकडे उघडू नये, नाहीतर कंपनीला दुसरे निमित्त मिळते. 'पाणी गेल्याचे मान्य' अशा मजकुराखाली न वाचता सही करू नये. आणि नकार तोंडी घेऊ नये. तारीख, कारण, खराब झालेला भाग आणि सही, एवढे कागदावर मागावे.

पुढची पायरी १९१५ ची. तेथे मराठीतून बोलता येते. ही हेल्पलाईन हुकूम देऊ शकत नाही, तक्रार कंपनीपुढे नेऊन पाठपुरावा करते. तेवढ्याने न भागल्यास कंपनीला स्पीड पोस्टाने नोटीस द्यावी आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. फोन मुंबईहून मागवला असला तरी मुंबईला खेटे घालण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आणि दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. म्हणजे पट्टीचा शब्द हा शेवटचा शब्द नव्हे.

आपल्या घरांत आता शिकलेली मुले-मुली आहेत. कोणी बी.ए., कोणी बी.कॉम., कोणी आय.टी.आय. केलेले. त्यांनी आपल्या गल्लीतल्या एका तरी माणसाचा अर्ज लिहून द्यावा. ज्याला वाचता येत नाही त्याच्याबरोबर एकदा काउंटरपर्यंत जावे. काउंटरवरच्या माणसाशी अदबीनेच बोलावे, तोही पगारावरचा नोकर असतो. पण कागद घेतल्याशिवाय परत फिरू नये. आणि आई-वडिलांना आमची एक कळकळीची विनंती आहे. सेंटरवाला काहीही म्हणो, आपल्या लेकराचे म्हणणे आधी ऐकून घ्या, मग त्या पट्टीचे ऐका.