पाप कुणाचं?



जन्मांध माणसाचं शुभवर्तमान मिस्सामध्ये वाचलं गेलं की मला बेळगावच्या एका इस्पितळातली ती रात्र आठवते.

माझ्या दादाचं बायपास झालं होतं. ऑपरेशन नीट पार पडलं, पण दुसऱ्या दिवशी ताप चढला, रक्तदाब घसरला, पुन्हा व्हेंटिलेटर लावावा लागला. बारा वर्षांपूर्वी पप्पांच्या वॉल्वच्या ऑपरेशननंतर असंच झालं होतं. ते घरी परतले नाहीत. रोझरीचे मणी ओढता ओढता आई थांबली. म्हणाली, "आपल्या घराला कुणाचं पाप भोवतंय रे?" दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारा मी गप्प बसलो, कारण माझ्याही मनात तेच होतं.

सकाळी डॉक्टरबाईंनी समजावलं. अशा ऑपरेशनमध्ये हृदय थांबवून रक्त यंत्राच्या नळ्यांतून फिरवतात. १९५३ साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी या यंत्रावर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. पण परक्या नळ्यांचा स्पर्श झाला की शरीराला हल्ला झाल्यासारखं वाटतं. रक्षण करणाऱ्या पेशी जाग्या होतात, इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं रक्तात वाढतात, दाह सुरू होतो. थोडा तो सगळ्यांनाच होतो, काहींना आवरत नाही. "जनुकांतल्या बारीक फरकांचा त्यात वाटा असू शकतो. पण वय, मधुमेह, यंत्रावर गेलेला वेळ, हेही असतं. तुमच्याकडे नेमकं कशामुळे झालं, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि जनुकं म्हणजे कल, निकाल नव्हे."

त्या आंधळ्याला पाहून शिष्यांनाही आधी पापी शोधायचा होता. प्रभूने त्यालाही दोष दिला नाही, त्याच्या आईबापांनाही नाही. माती कालवली, डोळ्यांना लावली. तो बरं करायच्या कामाला लागला.

दादा एकोणिसाव्या दिवशी घरी आला. पप्पांच्या आठवणीने आईचे डोळे अजून भरतात, पण तो प्रश्न ती आता विचारत नाही.

माझ्याही अंगात तेच रक्त आहे. कधी वेळ आलीच, तर पप्पांची आणि दादाची हकिगत मी डॉक्टरांना आधीच सांगेन. तुम्हीही घरातली अशी हकिगत लपवू नका. आणि कुणाच्या आजारपणात भेटायला जाल तेव्हा पाप शोधू नका, जेवणाचा डबा न्या.

प्रभू सर्व आजाऱ्यांना सांभाळो. आमेन.