महागडे अपयश

महागाची वस्तू बिघडली तर ती टाकून देण्यास माणसाचा हात धजत नाही. महागाचा माणूस बिघडला की मात्र त्याला टाकून द्या असा ओरडा होतो. आणि ज्यांचा त्यात एक छदामही गुंतलेला नसतो, त्यांचाच आवाज त्या ओरड्यात सर्वांत मोठा असतो. घरातले घड्याळ वर्षभर बंद पडले तरी वडिलांनी घेतलेले म्हणून ते भिंतीवर राहते. फलंदाज चार डाव बंद पडला की त्याची किंमत काढली जाते. या भेदाचा उलगडा करण्याचा प्रयत्न मी केदार जाधव या पुणेकर खेळाडूच्या निमित्ताने करणार आहे. क्रिकेटचे शास्त्र मला अवगत आहे असा माझा दावा नाही. मी इंग्रजी वाङ्मय शिकवतो. परंतु जागा धरून बसणे आणि जागेसाठी ताटकळणे, या दोन्ही गोष्टी आमच्या व्यवसायात जितक्या जवळून पाहावयास मिळतात तितक्या अन्यत्र क्वचितच.

2020 सालची आयपीएल स्पर्धा महामारीमुळे संयुक्त अरब अमिरातीत भरली होती. मैदाने रिकामी, प्रेक्षक नाहीत, टाळ्यांचा आवाज ध्वनिमुद्रित. आमचीही गत तीच होती. औरंगाबादेत (शहराचे नाव तेव्हा तेच होते) महाविद्यालयाच्या इमारतीला कुलूप, आणि मी सकाळी जेवणाच्या मेजावर संगणक मांडून, चेहरे न दाखवणाऱ्या साठ चौकोनांपुढे शेक्सपिअर समजावून सांगत असे. संध्याकाळी त्याच मेजाशी बसून आम्ही सारे सामना पाहत असू. त्यामुळे त्या वर्षीच्या खेळाडूंविषयी मला एक प्रकारचा बंधुभाव वाटू लागला होता.

7 ऑक्टोबरला अबू धाबीत चेन्नईचा सामना कोलकात्याशी होता. जिंकण्यासाठी 168 धावा हव्या होत्या आणि निम्मी षटके होईपर्यंत चेन्नईचे पारडे जड होते. मग गाडी रुतली. धोनी बाद झाला, आणि रवींद्र जडेजाच्या आधी केदार जाधव मैदानात आला. बारा चेंडूंत त्याने सात धावा केल्या. तो शेवटपर्यंत नाबाद राहिला, आणि चेन्नई दहा धावांनी हरली. नाबाद राहणे हाही अपराध होऊ शकतो, हे मी त्या रात्री प्रथम पाहिले. त्याच सामन्यात कोलकात्याकडून 81 धावा काढून सामनावीर ठरलेला राहुल त्रिपाठी हा रणजी स्पर्धेत जाधवच्याच महाराष्ट्र संघातला. त्रिपाठीला कोलकात्याने साठ लाखांना घेतले होते; जाधवला चेन्नईने 2018 च्या लिलावात सात कोटी ऐंशी लाखांना.

हा आकडा मला पाठ आहे, याचे श्रेय माझ्या पुतण्याला. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. महाविद्यालये बंद म्हणून आमच्याकडेच मुक्कामाला होता. हंगामात जाधवच्या आठ सामन्यांत मिळून 62 धावा झाल्या, तेव्हा त्याने वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि जाहीर केले, “काका, एक धाव साडेबारा लाखांना पडली!” स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा आवाज आला, “आणि तुझ्या काकांचा एक तास कितीला पडतो, तेही काढ की.” पोराने तेही काढले असावे. उत्तर मात्र त्याने वहीतच ठेवले, हा त्याचा सुसंस्कृतपणा.

हसण्यावारी नेलेला तो भागाकार माझ्या डोक्यात पुष्कळ दिवस राहिला. आमच्या जाधववाडीच्या बाजार समितीत धान्याचा लिलाव होतो, तो मी पाहिला आहे. ढिगात हात घालायचा, मूठभर दाणे तळहातावर घेऊन पारखायचे, बोली लावायची, माप झाले की व्यवहार संपला. घरी नेल्यावर ज्वारी किडकी निघाली तर दोष पारखणाऱ्याचा; ज्वारीला कोणी शिव्या देत नाही. माणसांच्या लिलावात नेमके उलटे घडते. बोली दुसरा लावतो, पारख दुसरा करतो आणि ती चुकली तर शिव्या मात्र मालाने खायच्या. सात कोटी ऐंशी लाख ही किंमत केदार जाधवने स्वतः सांगितलेली नव्हती. दोन-तीन धनको एकमेकांवर चढाओढीने बोलत गेले आणि हातोडा जिथे पडला तिथे हा उभा होता.

आता त्या बोलीमागे काय होते तेही पाहिले पाहिजे. 15 जानेवारी 2017 रोजी गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडने साडेतीनशे धावा केल्या होत्या आणि भारताचे चार गडी 63 धावांत गेले होते. तेथून कोहलीबरोबर जाधवने दोनशे धावांची भागी केली. त्याच्या स्वतःच्या 120 धावा अवघ्या 76 चेंडूंत झाल्या. मूर्ती लहान, चेंडूखाली वाकून मारलेले फटके तिरपे आणि तऱ्हेवाईक. पण सामना जिंकला. पुढे चेन्नईकडून पहिलाच सामना, 7 एप्रिल 2018, वानखेडे मैदान. मांडीचा स्नायू दुखावल्याने तो मध्येच बाहेर गेला, नऊ गडी बाद झाल्यावर लंगडत परत आला, आणि धावता येत नाही म्हणून शेवटच्या षटकात एक षटकार व एक चौकार मारून त्याने सामना संपवला. त्या दुखापतीने त्याचा सारा हंगाम बुडाला. पुढल्या वर्षी चौदा सामन्यांत 162 धावा. मग हे 62.

धोनीने त्याला इतके दिवस का ठेवले? पैसे गुंतले होते म्हणून, असे पुतण्याचे मत. व्यापारशास्त्र सांगते की बुडालेल्या पैशाकडे पाहून पुढचा निर्णय करू नये, आणि माणसे नेमके तेच करतात. मला हे उत्तर अपुरे वाटते. धोनीसारखा हिशेबी माणूस पैशाकडे पाहून अकरा जणांची यादी लिहीत नसावा. मला वाटते, त्याच्या डोळ्यांपुढे तो लंगडत आलेला फलंदाज उभा राहत असावा. ज्याने एकदा आपल्याला अशक्य स्थितीतून बाहेर काढले, त्याच्याविषयी ‘आज नाही तर उद्या’ असे मन म्हणत राहते. याला कोणी कृतज्ञता म्हणेल, कोणी दुराग्रह. कर्णधाराच्या मनात या दोहोंची सीमा कोठे असते, हे त्यालाही सामना हरल्यावरच कळत असेल.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हाच प्रश्न आणखी उग्र रूपाने येतो, कारण तेथील मोठ्या करारातले पैसे खेळाडूला मिळायचेच असतात, मग तो खेळो वा बाकावर बसो. बाल्टिमोरच्या संघाने क्रिस डेव्हिस या धिप्पाड फलंदाजाशी 2016 साली सात वर्षांसाठी सोळा कोटी दहा लाख डॉलरांचा करार केला. 2018 च्या सप्टेंबरपासून त्याच्या फटक्यांचे नशीबच फिरले: हिशेबात धरल्या जाणाऱ्या सलग 54 प्रयत्नांत त्याला एकही यशस्वी फटका साधला नाही. त्या खेळाच्या इतिहासात इतका दीर्घ वनवास कोणा फलंदाजाच्या वाट्याला आला नव्हता. 13 एप्रिल 2019 रोजी बोस्टनच्या मैदानावर तो संपला. 54 वेळा रिकाम्या हाताने परतल्यानंतर पंचावन्नाव्या वेळी तोच माणूस तीच दांडी घेऊन उभा राहिला, याचे मला त्याच्या डॉलरांपेक्षा अधिक नवल वाटते. इतका पैसा मिळाल्यावर कोणीही उभा राहील, असे म्हणणाऱ्याने एकदा वर्गात विनोद फसल्यानंतर उरलेली चाळीस मिनिटे काढून पाहावीत.

तथापि या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती बाकावर बसलेली असते. मैदानात अकराच जागा. एक राखली की एक नाकारली, यात गणिताची सूट नाही. त्या 2020 च्या हंगामात चेन्नईच्या बाकावर आणखी एक पुण्याचा मुलगा होता, ऋतुराज गायकवाड, भाव वीस लाख. सुरुवातीच्या सामन्यांत त्याला दोन संधी मिळाल्या. पहिल्यात शून्य, दुसऱ्यात पाच. मग पुन्हा बाक. 19 ऑक्टोबरला राजस्थानकडून हार झाल्यावर, तरुणांत आपणांस संधी द्यावी अशी ठिणगी दिसली नाही, अशा अर्थाचे उद्गार धोनीने काढले आणि त्यावर मोठे काहूर उठले. कारण त्याही सामन्यात जाधव खेळला होता. पुढच्या सामन्यात अखेर जाधव बाहेर आणि गायकवाड आत. झाल्या किती? शून्य! तीन डावांत पाच धावा. परंतु त्यांचा भागाकार कोणी केला नाही. वीस लाखांच्या अपयशाला कोणी हिशेब मागत नाही. ते स्वस्त अपयश असते आणि स्वस्त माणूस गुपचूप बदलता येतो. गायकवाडला मात्र बदलले नाही. चेन्नईची बाद फेरीची आशा मावळत चालली होती, तेव्हा गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. पुढचे तीन डाव: नाबाद 65, 72, नाबाद 62. वर्षभराने स्पर्धेत सर्वाधिक, 635 धावा त्याच्याच नावावर लागल्या आणि चेन्नईने चषक जिंकला.

यावरून जाधवला लवकर काढायला हवे होते, असा निष्कर्ष पुतण्याने काढला. माझा निष्कर्ष थोडा निराळा आहे. गायकवाडला तिसऱ्या अपयशानंतर जे मिळाले तेच जाधवला आठ सामने मिळत होते. एकाच्या बाबतीत त्याला दूरदृष्टी म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या बाबतीत आंधळेपणा, एवढेच. अर्थात आठ म्हणजे तीन नव्हेत. 7 ऑक्टोबरनंतर जाधवला मिळालेली थोडी विश्रांती लांबवली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते. त्या बारा चेंडूंत त्याचे हात नव्हे, मन जड झालेले दिसत होते. गायकवाडला चेन्नईने 2025 च्या हंगामासाठी अठरा कोटी देऊन राखले. आता चार डाव शून्यावर गेले तर त्याचाही भागाकार होणार.

पूर्वी हे बरे होते असे म्हणण्याचा मोह माझ्या वयाच्या माणसाला होतो. महाराष्ट्राचे कर्णधार प्राध्यापक दि. ब. देवधर पुण्यात संस्कृत शिकवीत आणि क्रिकेट खेळत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1940 आणि 1941 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. 1944 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके ठोकली. आमच्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकांना ही गोष्ट सांगण्यात विशेष आनंद वाटतो. त्यांच्यावर कोणी बोली लावली नव्हती, म्हणून त्यांच्या एका धावेचा भाव कोणी काढला नाही. परंतु बावन्न वर्षांचे गृहस्थ संघातली जागा धरून असताना पंचविशीतले किती जण मंडपात बसून होते, हेही कोणी मोजले नाही. शतके झाली म्हणून हा प्रश्न विचारला गेला नाही. पण बाकावरच्याला आपली जागा कशाने गेली याने काय फरक पडतो?

आमच्या विभागातही एक बाक आहे. माझा एक तरुण सहकारी (तरुण म्हणण्याची सवय, त्याने चाळिशी ओलांडली आहे) गेली अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे जितके तास तितके पैसे. सुट्टीला पैसे नाहीत, परीक्षेच्या काळात नाहीत, आणि दरवर्षी नवी नेमणूक. मी सत्ताविसाव्या वर्षी एकदा मुलाखत दिली, ती शेवटची. त्याची मुलाखत दरवर्षी होते. मी एखादे सत्र कंटाळवाणे शिकवले तर विद्यार्थी कंटाळतील, यापलीकडे काही घडणार नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे पहिल्या तारखेला जे यायचे ते येईल. त्याच्या हातून एक सत्र बिघडले तर पुढल्या जूनमध्ये त्याच्या जागी दुसरा असेल.

जाधवच्या त्या बारा चेंडूंची टवाळी पुढे शिक्षककक्षात बरेच दिवस चालली. महाविद्यालय उघडल्यावरही कोणी कामात ढिलाई केली की “केदार जाधव झाला आहे” असे म्हणण्याची चाल पडली होती. सर्वांत मोठ्याने हसणारे आम्ही सारे कायम नेमणुकीचे होतो. तो एकटा हसला नाही. म्हणाला, “सर, पुढच्या सामन्यात आपण असू की नसू हे डोक्यात ठेवून चेंडू खेळणे किती कठीण असते, ते तुम्हाला कळायचे नाही. सात कोटी असले म्हणून ते सोपे होत नसेल.” शिक्षककक्षात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग कोणीतरी चहा मागवला.

चेन्नईने जाधवला 2021 च्या जानेवारीत मोकळे केले. हैदराबादने त्याला दोन कोटींना घेतले. तो पुन्हा रणजीत उतरला आणि 2023 च्या जानेवारीत आसामविरुद्ध पुण्यात त्याने 283 धावा केल्या. वय सदतीस. ही बातमी मला त्या सहकाऱ्यानेच आणून दिली. 2024 च्या जूनमध्ये जाधवने निवृत्ती जाहीर केली.

मीही आणखी काही वर्षांनी, साठी पूर्ण झाली की, निवृत्त होईन. क्रिकेटमध्ये एकाने जागा सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी तीत कोणीतरी उभा असतो. आमच्याकडे तसे नाही. आमच्या विभागातल्या दोन खुर्च्या निवृत्तीनंतर रिकाम्या झाल्या त्या आजतागायत रिकाम्याच आहेत. कायम पदे भरण्याची परवानगी येते, अडते, पुन्हा मागवली जाते. माझी जागा त्याला मिळेल असे मी त्याला कधी म्हटलेले नाही, आणि त्यानेही कधी विचारलेले नाही. यंदाच्या जूनमध्ये वेळापत्रक लागले तेव्हा दुपारचे शेवटचे दोन तास, ज्यांना विद्यार्थी फारसे थांबत नाहीत, नेहमीप्रमाणे त्याच्या नावावर होते. त्यांतला एक मी मागून घेतला. तासागणिक पैसे मिळणाऱ्याचा एक तास आपण कमी करतो आहोत, हे वेळापत्रक करणाऱ्या गृहस्थांनी माझ्या लक्षात आणून दिले; तेव्हा माझा सकाळचा एक तास त्याला देऊन हिशेब जुळवावा लागला.