वहाळ

शांत जागा शोधण्याचा मला छंद आहे. तळोज्याला आमच्या घरासमोरून दिवसभर ट्रक जातात, आणि शाळेत तर तुम्हां मुलांचा आवाज असतोच! म्हणून डोंगरांतली गर्दी ओसरली, की मी एखादी रात्र तिथे काढून येतो. पावसाळी सहली तेव्हा संपलेल्या असतात आणि थंडीतले गिर्यारोहक अजून यायचे असतात. ऊन लागते खरे, पण जागा मोकळ्या मिळतात.

२०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा धाकटा भाऊ पनवेलहून ठाकूरवाडीला गेलो. ही वाडी प्रबळगडाच्या पायथ्याशी आहे. वाडीपासून थोडे दूर आम्हांला एक सुरेख जागा सापडली. दोन्ही बाजूंना झाडी आणि मध्ये स्वच्छ, मऊ वाळू. जणू कोणी आमच्यासाठी बिछानाच घालून ठेवला होता! आम्ही तिथे तंबू ठोकला.

दिवेलागणीला एक म्हातारे बाबा डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन चालले होते. आम्हांला पाहून ते थांबले आणि भरभर काहीतरी बोलले. त्यातला एकच शब्द माझ्या कानाने टिपला, 'वहाळ'. उलव्याजवळ वहाळ नावाचे गाव आहे. बाबा आमचे गाव विचारत असावेत, असे मला वाटले.

"नाही बाबा, आम्ही तळोज्याचे," मी म्हणालो.

बाबा क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग मान हलवत निघून गेले.

"भाईजान, काय म्हणाले ते?" भावाने विचारले.

"गाव विचारत होते," मी ठोकून दिले. खरे तर मी बाबांना पुन्हा विचारायला हवे होते. पण मी पडलो शिक्षक! समजले नाही, हे धाकट्या भावासमोर कबूल करायची मला लाज वाटली.

रात्री गडावर विजा चमकू लागल्या. आमच्या डोक्यावर मात्र चांदण्या होत्या, म्हणून आम्ही निश्चिंत झोपलो. मध्यरात्री जोरात हाक ऐकू आली. तेच बाबा बॅटरी घेऊन काठावर उभे होते आणि "वर या, वर या" म्हणत होते. आम्ही अनवाणीच वर चढलो. थोड्याच वेळात पाण्याचा लोंढा आला. तंबू, माझे बूट, डाळीचे पातेले, सारे घेऊन गेला. पाऊस गडावर पडला होता आणि पाणी आमच्याकडे आले होते.

"वहाळ," बाबा पुन्हा म्हणाले. या वेळी त्यांनी बोटाने दाखवले. वहाळ म्हणजे ओढा.

आता मी जागा निवडताना आधी जमीन पाहतो. गोल, गुळगुळीत दगड आणि झुडपांत अडकलेला पाचोळा ही पाण्याच्या वाटेची खूण असते. वाळलेल्या झाडाखाली मी तंबू लावत नाही. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर खाली चूल पेटवत नाही, कारण धुराने मधमाश्या उठतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री जवळच्याच इर्शाळवाडीवर दरड कोसळली. कितीतरी माणसे आपल्याच घरांत गाडली गेली. तेव्हापासून भर पावसात मी डोंगराखाली मुक्काम करत नाही. आणि कुठेही गेलो, तरी आधी वाडीत जाऊन विचारतो. शब्द कळला नाही, तर दोनदा विचारतो.

पातेले सकाळी खालच्या शेतात सापडले. ते एका बाजूने चेपले आहे, पण अम्मी अजून त्यातच डाळ शिजवते.